भत्त्याची रपेट

रविवारी लोणावळ्याला किंवा अलिबागला मोटरसायकली घेऊन निघणाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. त्यांची जाकिटं, त्यांचे कॅमेरे, त्यांचे क्लब सगळ्यांना ठाऊक असतात. पण सोमवारी सकाळी किक मारून कामाला निघणाऱ्यांच्या रपेटीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. औषध कंपनीचा एमआर, पिग्मी एजंट, गुरांचा डॉक्टर, कृषी सहायक, वायरमन, विम्याचा सर्व्हेअर, बँकेचा पाहणी अधिकारी ही सगळी माणसं आयुष्यातली कित्येक वर्षं दुचाकीवर काढतात, आणि त्यातल्या अनेकांना हा प्रवास मनापासून आवडतो. तो आवडणं ही कामचुकारपणाची खूण आहे असा एक समज ऑफिसांतून असतो. मला तो मुळीच मान्य नाही. ज्याला रस्ता आवडतो त्याची पाहणी चांगली होते, असा माझा अनुभव आहे. तो सांगण्यासाठी मी पनवेल ते जिते हा माझा नेहमीचा रस्ता निवडतो.

मी एका सहकारी बँकेसाठी कर्जाच्या तारणाची पाहणी करतो. जिते हे पेण तालुक्यातलं गाव. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्यामध्ये त्याचं स्टेशन आहे. गाडीनंही जाता येतं, पण गाड्या मोजक्या, आणि एका दिवसात जिते, हमरापूर, जोहे, कळवे अशी चार गावं करायची तर मोटरसायकलला पर्याय नाही. या पट्ट्यात घरोघरी गणपती घडतात. आमची कर्जं त्या कारखान्यांना असतात आणि त्यांचं तारण म्हणजे मांडवात ओळीनं बसलेले गणपती. कागदावर याला नजरगहाण म्हणतात. माल कर्जदाराकडेच राहतो, बँकेनं अधूनमधून जाऊन नजर टाकायची. ती नजर टाकायला जो जातो त्याला किलोमीटरमागे भत्ता मिळतो.

पनवेल सोडून पळस्प्याला आलं की मुंबई-गोवा हायवे सुरू होतो. जुन्या माणसांच्या तोंडी अजून सतरा नंबरच आहे, पण 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो 66 झाला. पळस्प्याला जेएनपीटीच्या कंटेनर ट्रेलरांचं जंगल असतं. तिथं दुचाकीवाल्यानं घाई करू नये. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसत नाही अशा जागी, एक क्षणही थांबू नये. पुढं शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. 1879 च्या बंडाआधी हा माणूस काही वर्षं आकडेमोड करत होता, हे हिशेबाच्या कामावर निघालेल्या मला दर वेळी आठवतं आणि बरं वाटतं.

मग कर्नाळा. अंगठ्यासारखा तो सुळका उजवीकडे-डावीकडे होत राहतो आणि खिंडीत शिरताच हवा बदलते. मोटारीत काच वर असलेल्याला हे कळत नाही. दुचाकीवर ते आधी मनगटांना कळतं, मग गळ्याला. हेल्मेटच्या आत ओल्या मातीचा, पालापाचोळ्याचा वास येतो. 1968 साली इथं पक्षी अभयारण्य झालं. पाऊस लागला की तिबोटी खंड्या घरट्यासाठी इथं येतो. निळा, जांभळा, नारिंगी, मुठीत मावेल एवढा पक्षी. तो बघायला लोक लांबून येतात आणि तासन् तास बसतात. मला तो रस्त्यावरून कधी दिसला नाही, पण याच झाडीत तो आहे हे माहीत असताना शंभर सीसीच्या इंजिनानं चौथ्या गिअरात पंचेचाळीसच्या वेगानं जाणं हे सुख आहे. या वेगाला इंजिन गुणगुणतं, हँडल हातात स्थिर राहतं, आणि रस्ता वाचायला पुरेसा वेळ मिळतो.

रस्ता वाचावाच लागतो. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि ते किती रखडलं हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला ठाऊक आहे. गणपतीच्या दिवसांत या रस्त्याचे खड्डे दर वर्षी बातम्यांत येतात. माझ्या कामाचा एक भाग इथंच सुरू होतो. आपल्या कर्जदाराचा माल याच रस्त्यानं टेम्पोतून मुंबईला जाणार असतो. गणपतीचे हात, सोंड आणि कान आधी दुखावतात. मूर्तींमध्ये पेंढा, गवत, कागद किती भरावा लागेल, भाडं किती जाईल, वाटेत किती मोडतोड धरावी, हे मोटरसायकलच्या सीटवर बसून जितकं नेमकं कळतं तितकं ऑफिसातल्या खुर्चीत कळत नाही. चाक खड्ड्यात गेलं की आकडा आपोआप कानात पडतो.

कर्नाळा उतरून तारा ओलांडलं की खारपाड्याचा पूल येतो, खाली पाताळगंगा. वरून खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रातलं पाणी या नदीत सोडलं जातं, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती असते. ते केंद्र 1915 पासूनचं. खाली ती धरमतरच्या खाडीला मिळते. पुलावर वारा आडवा येतो. भरतीची वेळ असेल तर त्याला खारट चव असते. रिकामी पाठपिशवी फडफडायला लागते आणि गाडी जराशी ढकलल्यासारखी होते. इथं हँडल घट्ट आवळायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल ठेवायचे. पूल संपला की पेण तालुका.

जित्याकडे वळलं की रस्त्याच्या कडेला पत्र्याचे मांडव दिसू लागतात. पेणच्या गणपतींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण हा व्यवसाय पेण शहरात मावत नाही. हमरापूर आणि आसपासच्या गावांत तो अंगणात, पडवीत, शेतघरात पसरला आहे. परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्यातच बोटीनं रवाना होतात, उरलेल्यांची घाई पावसाबरोबर वाढत जाते. प्लास्टरचा गणपती रबरी साच्यात होतो. प्लास्टर कालवायचं, त्यात काथ्या घालायचा, साच्यात ओतून फिरवायचं. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि साचा मोज्यासारखा सोलून काढला जातो. शाडूचं तसं नाही. ती माती आपल्या गतीनं वाळते, आणि जुलैच्या ओल्या हवेत ती गती फारच मंद होते. मग बल्ब लावा, पंखे लावा, शेगडी ठेवा. विजेचं बिल वाढतं आणि ते कर्जाच्या अर्जात कुणी लिहिलेलं नसतं.

माझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत: कच्ची मूर्ती, रंगकाम झालेली, आखणी झालेली. किंमत याच क्रमानं चढते. आखणी म्हणजे डोळे, भुवया, गंध. एका मांडवात मी दारातच उभा राहिलो होतो. आखणी करणारी बाई पाटावर बसलेली, गणपती तिच्या मांडीच्या उंचीवर, डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली. ब्रशचं टोक तिनं अंगठ्याच्या नखावर फिरवलं, जादा रंग टिपला, श्वास धरला आणि वरच्या पापणीची रेघ एका झोकात ओढली. श्वास सोडला तो रेघ संपल्यावर. मग दुसरा डोळा. दुसरा पहिल्याशी जुळला नाही तर गणपती तिरळा दिसतो आणि गिऱ्हाईक हात लावत नाही. तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याची सगळी किंमत त्या दोन श्वासांत होती. तिनं वर न बघताच विचारलं, “बँकवाले काय? मोजा की. पण धक्का लावू नका, वल्ला हाय रंग.”

हे बघायला गेलं पाहिजे, आणि जाताना वाट दिसेल अशा वाहनानं गेलं पाहिजे. दुचाकी मांडवाच्या दारापर्यंत जाते. मोटार हायवेला लावून चालत आलेला साहेब आणि चिखलाचे शिंतोडे उडालेला माणूस यांच्याशी कारखानदार वेगवेगळं बोलतो. दुसऱ्याला तो आधी पाणी देतो, मग अडचण सांगतो.

कामाची दुचाकी ही आपल्याकडे काही दशकांची गोष्ट आहे. आधी सायकल, एसटी आणि पायपीट होती. बजाजनं पुण्यात आकुर्डीला चेतक काढली 1972 साली, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिकनं अहमदनगरहून 50 सीसीची लुना आणली. लायसन्स-परमिटच्या त्या काळात बुलेट आणि राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांकडे नि ठेकेदारांकडे गेल्या. राजदूतच्या दोन्ही बाजूंना लटकणारे दुधाचे कॅन ज्यानं पाहिलेत तो ते विसरणार नाही. खरा पालट झाला 1985 मध्ये हिरो होंडाच्या सीडी 100 मुळे. चार स्ट्रोकचं छोटं इंजिन, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायची कटकट नाही, आणि एका लिटरला आधीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी लांब पल्ला. फिरतीची नोकरी करणाऱ्याला भत्त्यातून चार पैसे उरू लागले ते तेव्हापासून. पुढं आलेल्या स्प्लेंडरनं तेच चालू ठेवलं. तिचं 97.2 सीसीचं इंजिन आजही जित्याच्या मांडवासमोर उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांत धडधडताना ऐकू येतं.

भत्त्याचा हिशेब मात्र समजून घ्यायला हवा, कारण आनंद त्याच्यावर टिकतो. पनवेल-जिते जाऊन-येऊन गावं फिरून साधारण साठ किलोमीटर धरा. लिटरला पन्नास-पंचावन्न देणारी गाडी आणि शंभरीपार पेट्रोल म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास नुसतं जळतं. त्यावर ऑईल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, दोन टायर, सर्व्हिसिंग आणि गाडीचा घसारा. फक्त पेट्रोलचे पैसे देऊन जे ऑफिस भत्ता दिला म्हणतं, ते खरं म्हणजे कर्मचाऱ्याची गाडी हप्त्याहप्त्यानं वापरून संपवत असतं. एमआर मंडळींनी यासाठी झगडून नियम करून घेतले. त्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा 1976 साली झाला. हेडक्वार्टर, एक्स-हेडक्वार्टर आणि आऊटस्टेशन अशी दिवसांची वर्गवारी आणि ठरलेल्या अंतरांचा तक्ता त्यांच्यात रूढ आहे. इतर क्षेत्रांतल्या फिरत्या माणसांनी तो तक्ता एकदा मागून वाचावा.

विम्याचा कागदही वाचावा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्यानं देणं चालत नाही, मालाची वाहतूक चालत नाही, पण सोबतचे नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. म्हणजे एमआरची बॅग चालते, माझी फाईल चालते, पण कारखानदारानं आग्रहानं दिलेल्या रंगाच्या डब्यांची पेटी परस्पर कुणाला पोचवायला घेतली तर मी त्या मर्यादेच्या काठावर जातो. मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघाती संरक्षण 2018 पासून ठरलेलं आहे. ते आपल्या नावावर चालू आहे ना, हे दर वर्षी बघावं.

कामावर असताना अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळते, हे 1923 च्या कायद्यापासून आहे. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात कामाचा मानायचा की नाही, यावर मात्र वाद होत राहिला. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाची भरपाई उच्च न्यायालयात नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती जुलै 2025 मध्ये परत मिळवून दिली. कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर ती वाट नोकरीचाच भाग, असं न्यायालयानं म्हटलं. बावीस वर्षं लागली. या निकालाची कात्रणं प्रत्येक ऑफिसच्या नोटीस बोर्डवर लागायला हवीत असं मला तळमळीनं वाटतं.

पैसे घेऊन मोटरसायकल चालवण्याचा दुसरा प्रकार गोव्यात जुना आहे. तिथं पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन चौकात उभ्या असणाऱ्याला पायलट म्हणतात, आणि म्हापशाच्या बाजारापासून पणजीच्या स्टँडपर्यंत माणसं त्याच्या मागे बसून सहज जातात. महाराष्ट्रानं विजेच्या बाईक टॅक्सींचं धोरण एप्रिल 2025 मध्ये मंजूर केलं, शहरांपुरतं, पंधरा किलोमीटरच्या मर्यादेत. घड्याळ आणि ॲप यांच्या तालावर धावणाऱ्या त्या मुलांना कर्नाळ्याच्या खिंडीतला गारवा घ्यायला फुरसत मिळते का, हा प्रश्न मला पडतो. पाहणीच्या कामात वेळ थोडी सैल असते. कामाच्या रपेटीचा आनंद त्या सैलपणातूनच येतो आणि तो सगळ्यांना मिळावा अशी माझी इच्छा आहे.

परतताना पाऊस नसेल तर मी खारपाड्यावरून सावरोलीचा रस्ता धरतो. डावीकडे-उजवीकडे भातखाचरं, पुढं रसायनीच्या कारखान्यांच्या चिमण्या, आणि त्याआधी आपटा. आपट्याचं रेल्वे स्टेशन हिंदी सिनेमावाल्यांचं आवडतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा गाडी पकडण्याचा शेवटचा प्रसंग इथंच चित्रित झाला. स्टेशनाजवळ गाडी स्टँडला लावावी, हातमोजे काढावेत, मोजणीची वही उघडून मांडवात घाईनं लिहिलेले आकडे नीट उतरून घ्यावेत. चेनला हात लावून बघावा, ढिली असेल तर उद्या मेकॅनिककडे. पुढं दांड फाट्यावरून जुन्या पुणे रस्त्यानं पनवेल. हा रस्ता लांबचा आहे, आणि टीए बिलात मी जवळच्या रस्त्याचेच किलोमीटर लिहितो. वरचं पेट्रोल माझं.