कुंपणाबाहेरचे नगर : भंडाऱ्याची औद्योगिक उपनगरे

नागपूरहून पूर्वेस रायपूरच्या दिशेने निघालेला राष्ट्रीय महामार्ग मौदा मागे टाकून भंडारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरला, की प्रवाशास प्रथम लागते ती ठाणा पेट्रोलपंप या नावाने ओळखली जाणारी वस्ती आणि तिच्या निकटची जवाहरनगरची आयुध निर्माणी. त्यानंतर धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेला उभे असलेले लेआऊटचे फलक, मंगल कार्यालये व ढाबे यांची सरमिसळ ओलांडल्यावर जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले भंडारा शहर येते. आणि वैनगंगेवरील पूल पार केला की कारधा, गडेगावची औद्योगिक वसाहत, लाखनी व साकोली अशी गावांची मालिका सुरू होते. शहरातून उत्तरेकडे वळणाऱ्यास दहा-अकरा किलोमीटरांवर वरठी भेटते, जेथे भंडाऱ्याचे रेल्वे स्थानक आहे आणि पोलादाचा मोठा कारखानाही आहे. महसुली दफ्तरांत ही स्थळे निरनिराळ्या तालुक्यांत व मौजांत विभागलेली आहेत; परंतु पहिल्या पाळीच्या वेळी सायकली, मोटारसायकली व ऑटो यांतून चोहोदिशांना निघालेले कामगार ज्याने पाहिले असतील, त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही, की या सर्व स्थळांचे मिळून एक विखुरलेले नगर केव्हाच अस्तित्वात आले आहे, आणि उणीव आहे ती एवढीच, की त्या नगराचा एकत्र नकाशा कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर लागलेला नाही.

मूळ भंडारा शहर तसे जुने व मध्यम आकाराचे. येथील नगरपालिका १८६७ सालची. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९१,८४५ आणि जिल्ह्याची १२,००,३३४ इतकी होती. १९९९ साली १ मे रोजी गोंदिया जिल्हा विभक्त झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर व पवनी हे सात तालुके भंडाऱ्याच्या वाट्यास राहिले. पितळेच्या भांड्यांसाठी या शहराचे नाव वऱ्हाड-नागपूर प्रांतात घरोघरी ठाऊक होते. मोहाडी, आंधळगाव येथील कोष्ट्यांच्या मागांवर विणलेल्या कोशाच्या वस्त्रांना मागणी होती. धान आणि विडी यांवर सहस्रावधी कुटुंबांचा चरितार्थ चालत असे. या सर्व धंद्यांचे एक समान लक्षण असे होते, की ते घराच्या ओसरीत, वाड्याच्या पडवीत किंवा गल्लीच्या टोकाला असलेल्या भट्टीवर चालत, आणि त्यामुळे काम करण्याची जागा व राहण्याची जागा यांची ताटातूट होत नसे. स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरातून पितळेला हुसकावून लावले, विडीचा खप उतरणीस लागला, आणि ज्या उद्योगांनी त्यांची जागा घेतली ते शहरात न येता शहराच्या बाहेर, परस्परांपासून दूर अंतरावर जाऊन बसले.

असे होण्यास कारणे होती. गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग टाकण्यात आला तेव्हा तो भंडारा शहरास बगल देऊन वरठीवरून गेला, आणि स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ हे उपपद कायमचे जोडले गेले. सुमारे शंभर वर्षांनंतर, केनियातील भारतीय वंशाच्या उद्योजकांच्या सनफ्लॅग समूहाने पोलादाच्या कारखान्यासाठी जागा पाहिली ती याच लोहमार्गाच्या कडेला, मोहाडी तालुक्यात. १९८४ साली कंपनी स्थापन झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. मोटारीच्या सुट्या भागांसाठी लागणारे मिश्रपोलाद येथून देशभर जाते. कच्च्या मालाच्या वाघिणी, कोळसा व खनिज यांच्या सान्निध्याची गरज पाहता ही निवड यथायोग्यच होती. परंतु वरठीची वस्ती एखाद्या नगराएवढी दाट होऊनही तिचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला.

जवाहरनगरची कथा याहून निराळी. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षण-सामग्रीच्या उत्पादनास जो वेग देण्यात आला, त्या काळात, १९६४ साली, या स्फोटक-निर्मितीच्या कारखान्याचा पाया घातला गेला. विस्तृत आवार, आतील रुंद रस्ते, कामगारांची निवासस्थाने, शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे या सर्वांची आखणी एकाच हाताने झाल्यामुळे नियोजित वसाहतीचा जिल्ह्यातील सर्वांत सुघटित नमुना आजही तोच आहे. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे जो भीषण स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, त्याने एका विस्मृत नियमाचे स्मरण सर्वांना करून दिले. स्फोटकांच्या कारखान्याभोवती मोकळी जागा ठेवणे ही केवळ लष्करी शिस्त नव्हे, ती नगररचनेची अट आहे. संरक्षण-स्थळांभोवतालच्या बांधकामावर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारास १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्यापासून आहे. तरीही महामार्गालगतच्या जमिनीचा भाव वाढला की या दिशेलाही भूखंड पाडण्याचा मोह आवरत नाही. या बाजूस शहराने किती सरकावे याची मर्यादा प्रथम ठरली पाहिजे आणि मग बाकीचे सारे.

नदीच्या पूर्वेस, महामार्गावरच, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. तेथे मालमोटारींच्या गिअर-पेट्या तयार होतात. राज्य शासनाने १९६२ साली स्थापन केलेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या, अर्थात लोकांच्या तोंडी असलेल्या ‘एमआयडीसी’च्या पद्धतीप्रमाणे येथे जमीन संपादन करून भूखंड, रस्ते व पाणी यांची तरतूद झाली, आणि एका मोठ्या कारखान्याच्या आश्रयाने लहान पुरवठादारांची पुष्कळ युनिटे उभी राहतील अशी अपेक्षा धरली गेली. ही अपेक्षा पुरेशी फलद्रूप झाली नाही. मोठ्या कारखान्याचे पुरवठादार पुण्यास, चेन्नईस वा नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्यास राहिले, आणि जिल्ह्यातील आयटीआय उत्तीर्ण तरुण कंत्राटी हजेरीवर वरठी, जवाहरनगर व गडेगाव या तीन केंद्रांत फिरत राहिला.

जमीन संपादन केली म्हणजे उद्योग आला आणि टिकला, या समजुतीचे खंडन जिल्ह्यातील दोन स्थळे उत्तम प्रकारे करतात. मुंडीपार येथे २०१३ च्या मे महिन्यात भारत हेवी इलेक्ट्रिकल्स अर्थात ‘भेल’च्या प्रकल्पाचे भूमिपूजन मोठ्या थाटाने झाले, कास्तकारांच्या धानाच्या जमिनी त्यासाठी गेल्या, पण कारखाना काही उभा राहिला नाही. दुसरे उदाहरण तुमसरचे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, ज्या १९६२ पासून आज ‘मॉईल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे आहेत. या खनिजावर प्रक्रिया करणारा युनिव्हर्सल फेरो हा कारखाना तुमसरजवळ होता आणि त्याच्यावर एका पिढीचा संसार उभा होता. विजेचा खर्च हा फेरोमॅंगनीजच्या उत्पादनाचा प्राण असतो, आणि तो परवडेनासा झाला की भट्टी थंडावते; हा कारखाना बंद पडून अनेक वर्षे लोटली. ज्या गावाचे खनिज त्याच गावात शुद्ध व्हावे ही आकांक्षा रास्त आहे, परंतु तिच्या पूर्तीसाठी भूखंडाहून विजेच्या दराची चिंता अधिक वाहिली पाहिजे.

आता नियोजनाच्या यंत्रणेकडे वळू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार नगरपालिकेने आपल्या हद्दीपुरता विकास आराखडा करावयाचा. एमआयडीसीने आपल्या अधिसूचित क्षेत्राचा. संरक्षण खात्याच्या आवारात अर्थातच दुसऱ्या कोणाचा प्रवेश नाही. उरले ते या तिन्हींच्या मधले, आणि खरी वाढ नेमकी तेथेच होत आहे. खोकरला, गणेशपूर, भोजापूर, बेला ही गावे भंडारा शहरास इतकी खेटली आहेत, की नगरपालिकेची हद्द कोणत्या विजेच्या खांबापाशी संपते हे रहिवाशालाही सांगता येऊ नये. शेतजमीन अकृषक करून घेतली जाते, लेआऊट पडतो, रस्ता व नाली यांचा मजकूर कागदावर राहतो, भूखंड विकले जातात, आणि मग मर्यादित उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीने सांडपाण्याची, दिव्यांची व कचऱ्याची सरबराई करावी अशी अपेक्षा केली जाते. कारखान्याच्या कुंपणाच्या आत प्रत्येक वाहिनीची खोली मोजून ठरवलेली असते, आणि कुंपणाला टेकून राहणाऱ्या वस्तीत मात्र पहिल्याच पावसात पाणी कोणीकडे वाहावे हे कोणी ठरवलेले नसते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर जी वाडी वसवली, तिच्यात कारखाना व कामगारांचे घर यांचा विचार एकाच वेळी झाला होता. परंतु ती एका धन्याची वसाहत होती, आणि अशा वसाहतीचा आदर्श अनेक मालकांच्या प्रदेशास जसाच्या तसा लागू पडत नाही. अधिक समर्पक उदाहरण पिंपरी-चिंचवडचे. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना तेथे आला, पुढील दशकात मोठमोठे उद्योग आले, नगरपालिका मात्र १९७० साली आणि नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली. म्हणजे कारखाने व नगरशासन यांच्यामध्ये पंधरा-सोळा वर्षांची दरी पडली, आणि त्या अवधीत वाढलेल्या वस्त्यांचे पुढे नियमन करताना शासनाची व रहिवाशांची किती ओढाताण झाली हे सर्वश्रुत आहे. भंडाऱ्याच्या बाबतीत ही दरी चाळीस वर्षांची झाली आहे, आणि वाढीचा वेग मंद असल्यामुळेच केवळ ती डोळ्यांत खुपलेली नाही.

तो वेग तसाच मंद राहील असे मानणे धोक्याचे ठरेल. नागपूर महानगर प्रदेशाची सीमा मौदा व कुही तालुक्यांतील गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. महामार्गाचे बाह्यवळण शहराबाहेरून काढण्यात आले आहे. नागपूरहून गोंदियाकडे जाणारा नियोजित द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून जावयाचा आहे. बाह्यवळणाच्या दोन्ही अंगांना गोदामे व वाहनतळ उभे राहणार हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही, आणि तेव्हा आज ज्या बांध्यांत धान डोलते त्या कोणत्या, आणि किती, राखावयाच्या हा प्रश्न ऐरणीवर येईल.

या प्रश्नाचे उत्तर वैनगंगेला विचारल्यावाचून देता येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील धरणांचे दरवाजे उघडल्यानंतर आलेल्या पुराने शहराच्या सखल वस्त्या बुडाल्या. कारधा येथील पुलापाशी धोक्याची पातळी २४५.५० मीटर मानली जाते, आणि त्या आकड्याच्या खाली कोणत्या मौजांचे कोणते गट क्रमांक येतात याची यादी लेआऊटच्या मंजुरीपूर्वी तपासली जावी ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. दुसरे संकट खालून वर येते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते बसली. त्याच्या जलाशयाचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत पोहोचतो, नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, आणि वाहते पाणी थांबल्यामुळे जलपर्णीने माखलेल्या नदीतून शहरास पिण्याचे पाणी उपसावे लागते. ज्या नदीने आधीच शेजारच्या महानगराचा मळ स्वीकारला आहे, तिच्यात आपल्या उपनगरांचाही मळ सोडण्याची सवलत भंडाऱ्यास उरलेली नाही. उलट कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदलेले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) ही या मुलखाची सिद्ध व स्वस्त जलव्यवस्था आहे. लेआऊटखाली बुजणारी प्रत्येक बोडी म्हणजे पुढील पुराला मोकळी केलेली वाट होय.

वाहतुकीचेही एक राहून गेलेले काम आहे. वरठी स्थानकापासून जवाहरनगरच्या निर्माणीपर्यंत मालवाहतुकीसाठी लोहमार्ग टाकलेला होता, आणि त्यावरून प्रवासी गाडी सोडावी अशी मागणी शहरात अनेकदा झाली. कारखाना, स्थानक व शहर यांना जोडणारी अशी तयार पट्टी नियोजकांना सहसा आयती मिळत नाही. त्या पट्टीवर रूळ असोत की कामगारांच्या बसगाड्यांसाठी राखीव रस्ता, तिचे तुकडे होऊन ती अतिक्रमणांत विरघळू नये एवढी दक्षता तरी घेतली गेली पाहिजे.

तात्पर्य, भंडाऱ्याच्या औद्योगिक उपनगरांना आज नव्या भूमिपूजनापेक्षा एका सामायिक आराखड्याची निकड अधिक आहे, ज्यात नगरपालिका, लगतच्या ग्रामपंचायती, एमआयडीसी आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांची हद्द पुसली न जाता त्यांची जबाबदारी लेखी वाटली जाईल. क्रमही उघड आहे : प्रथम पूररेषा व स्फोटक कारखान्याभोवतीचे निर्बंधित क्षेत्र यांची आखणी, मग खोकरल्यापासून वरठीपर्यंतच्या दाट वस्त्यांसाठी सांडपाण्याची एकत्र योजना, त्यानंतर मुंडीपारसारख्या संपादित पण निरुपयोगी पडून असलेल्या जमिनींचा निकाल, आणि एवढे झाल्यावरच नव्या भूखंडांसाठी धानाच्या जमिनीस हात लावणे. कारखाना येणे-जाणे हे पोलादाच्या भावावर, विजेच्या दरावर आणि दिल्ली-मुंबईच्या निर्णयांवर अवलंबून आहे, व त्यावर भंडाऱ्याचा फारसा ताबा चालत नाही. परंतु कारखान्यात काम करणारा माणूस कोठे राहील, कोणते पाणी पिईल आणि पाळी सुटल्यावर घरी कसा परतेल हे ठरवणे सर्वस्वी जिल्ह्याच्या हाती आहे, आणि तेवढे ठरवले तर पुढे येणाऱ्या उद्योगालाही येथे टिकून राहण्याचे एक कारण मिळेल.