नकाशावरील खतावणी

रोजमेळात व्यवहार घडले त्या क्रमाने लिहिले जातात. परंतु कोणत्या खात्यात तोटा येत आहे, हे रोजमेळ कितीही चाळला तरी उमगत नाही. त्यासाठी खतावणीच करावी लागते. सार्वजनिक कारभाराचेही तसेच आहे. नोंदी पुष्कळ असतात. त्या योग्य जागी मांडल्या म्हणजेच निर्णयास उपयोगी पडतात. लंडन शहरातील एक जुनी हकीकत या दृष्टीने मननीय आहे.

इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेर तेथील सोहो भागात पटकीची भयंकर साथ उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने पटकी होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टरांचे व अधिकाऱ्यांचे मत होते. डॉ. जॉन स्नो यांस मात्र पाण्याचा संशय होता. त्यांनी मृत्यूंची सरकारी यादी मिळविली व जागेवर जाऊन चौकशी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या आसपास घडले होते. ७ सप्टेंबर रोजी त्यांनी ही हकीकत स्थानिक विश्वस्तांपुढे मांडली व दुसऱ्याच दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी प्रत्येक मृत्यू ज्या त्या घरापाशी एकेका काळ्या रेघेने दाखविणारा नकाशाही तयार केला.

नकाशाइतकेच मोल अपवादांच्या तपासास आहे. जवळच्या अनाथगृहात ५३५ माणसे असून मृत्यू अवघे पाच. तेथे स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तराहून अधिक कामगार होते. ते पंपाचे पाणी पीत नसत, आणि त्यांपैकी एकही पटकीने दगावला नाही. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा दगावली. तिला या पंपाचे पाणी आवडे व ती ते मुद्दाम मागवीत असे. शिलकेत न जुळणारी रक्कमच पुष्कळदा चूक कोठे आहे ते दाखविते, हा अनुभव आपणांस नवा नाही.

दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतः प्रांजळपणे नमूद केले आहे. हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकास त्यांचे मत प्रथम पटले नव्हते. परंतु स्वतः घरोघर चौकशी केल्यावर तेही त्याच निष्कर्षास आले. १८५५ साली खोदकाम झाले, तेव्हा विहिरीलगतच्या मैलाकुंडीतील घाण विहिरीत झिरपत असल्याचे आढळले.

आपल्या गावी दवाखाना, गटार वा नळ यांसाठी नगरपालिकेकडे अर्ज करताना केवळ गाऱ्हाणे न मांडता घरवार नोंदी व त्यांचा साधा नकाशा सोबत जोडावा. जो हिशेब दुकानास तारतो, तोच गावासही तारील.