आठवडा आखूड झाला तर?

शनिवारची सकाळची शाळा बंद झाली तर कोणाला नको आहे? महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शाळा मात्र त्यातून वगळल्या. असे का, ते पाहण्यासाठी कागद-पेन्सिल घ्या.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवे. आठवड्याला सहा दिवस धरले तर २२० दिवस सुमारे ३७ आठवड्यांत भरतात. पाच दिवस धरले तर ४४ आठवडे लागतात. चार दिवस धरले तर ५५! आणि वर्षात आठवडे असतात ५२.

बरे, दिवसांची अट सोडू आणि ३७ आठवड्यांतच तास भरू. मग चार दिवसांच्या आठवड्यात रोज पावणेसात तास अध्यापन करावे लागेल, मधली सुट्टी वेगळीच. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशासारख्या गावी, एप्रिलच्या उन्हात, शेवटच्या तासाला बीजगणिताचे काय होईल?

मन म्हणजे काही रांजण नव्हे, की एकदम ओतले आणि भरले. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करताना एका दिवसातल्या ६८ उजळण्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी भागले!

अमेरिकेतील काही ग्रामीण भागांत १९७०च्या दशकातील तेलटंचाईत इंधन वाचवण्यासाठी चार दिवसांची शाळा सुरू झाली. पुढे हिशेब केला तेव्हा बचत फार तर दोन-अडीच टक्के निघाली, कारण शिक्षकांचे पगार तेवढेच राहतात. ओरेगन राज्यातील अशा शाळांचा पॉल थॉम्पसन यांनी केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तेथे गणित आणि वाचन या दोहोंतील गुण घटले होते. मुख्य कारण म्हणजे अध्यापनाचे तासच कमी झाले होते. कोलोरॅडोत मात्र २०१५ सालच्या एका अभ्यासात गणिताचे गुण वाढलेले दिसले. तेव्हा घाईने निकाल देऊ नये.

पण नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मोजावी लागते. शालेय पोषण आहारातून सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. शाळेचा दिवस गेला की ती थाळीही गेली. आठवड्याला दोन, म्हणजे ३७ आठवड्यांत ७४ थाळ्या.

आता तुमच्या शाळेचे वेळापत्रक घ्या. प्रार्थना आणि मधली सुट्टी वजा करून आठवड्याचे अध्यापनाचे तास किती उरतात, ते काढून पाहा.