शंभरांतील शेवटची पाच मुले

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० साली झाली. नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. हे विजय लसीचे खरेच. पण तितकेच ते दारोदार फिरलेल्या परिचारिकांचेही होत. गोवराच्या बाबतीत मात्र तो दिवस अद्याप उजाडलेला नाही. याचे कारण वैद्यकशास्त्राच्या उणिवेत नसून आपल्या सैलपणात आहे.

‘गोवर सगळ्यांनाच येतो आणि जातो’ अशी आपल्या घराघरांतील जुनी समजूत. वस्तुस्थिती निराळी आहे. गोवर फुप्फुसांवर उतरतो, दृष्टी हिरावून घेतो, क्वचित मेंदूला सूज आणतो. शिवाय शरीराने पूर्वी कमावलेली प्रतिकारशक्तीच तो पुसून टाकतो. म्हणून बरे झालेले मूलही पुढे दीर्घकाळ अन्य आजारांना बळी पडू शकते. लस न घेतलेल्या समाजात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना हा रोग देतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत टिकू शकतो.

अशा रोगाला थोपवायचे तर शंभरांपैकी किमान पंचाण्णवांना संरक्षण हवे. उरलेल्या पाचांची जागा कोणाची? ती नऊ महिने पूर्ण न झालेल्या तान्ह्यांची आणि दुर्धर आजारामुळे लस घेऊ न शकणाऱ्या मुलांची आहे. सुदृढ मुलाचे आईबाप टाळाटाळ करतात, तेव्हा ते या दुबळ्यांची जागा बळकावतात. नवव्या महिन्यातील एका मात्रेने सुमारे पंच्याऐंशी टक्के मुलांनाच संरक्षण मिळते, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा अनिवार्य ठरते. मूल चालू-बोलू लागले की नेमका तिचाच विसर पडतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेचा आरंभ झाला, त्या पहिल्या प्रांतांत गोव्याचा समावेश होता. त्याच वेळी कर्नाटक व तामिळनाडूत मोबाईलवरून अफवांचे पीक आले. पुढे कोरोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीसारख्या दाट वस्तीत, गोवराने बालकांचे प्राण घेतले. मुंबई गोव्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्या गावातील ती सुटलेली मुले कोठे शोधावीत? ती बहुधा बांधकामांवरील झोपड्यांत आणि मासेमारीच्या धक्क्यांवरील खोल्यांत सापडतील. त्यांचे आईबाप कामामागे गाव बदलतात, आणि लसीचे कार्ड मागल्या गावीच राहते. ‘ती परकी मुले’ म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, रोगाला रहिवासी दाखला लागत नाही.

गोवर आलेल्या मुलाच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवणाऱ्या, देवीची ओटी भरणाऱ्या आजीच्या श्रद्धेला आमची ना नाही. पण त्याच आजीने नातवाला वेळेवर आरोग्य केंद्रात न्यावे. देवस्थान समित्यांनी जत्रेच्या सूचनेशेजारी लसीकरणाचा वारही फलकावर लिहावा. कंत्राटदाराने आपल्या मजुरांच्या मुलांची यादी अंगणवाडीत द्यावी. सरकारी केंद्रात ही लस विनामूल्य आहे, आणि वेळ चुकलेल्या मुलालाही पाच वर्षांपर्यंत ती देता येते. उशीर झाला असेल तर तो भरून काढता येईल. गेलेले मूल मात्र परत आणता येणार नाही.