नृत्यपरीक्षांचे प्रयोजन

आपल्या गोमंतकात मुलगी सहा-सात वर्षांची झाली की तिला नृत्यवर्गास घालण्याची हौस आता अनेक घरांतून दिसते. हौसेमागोमाग प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची शिडी येते आणि मुलगी कशी नाचते यापेक्षा तिची कितवी परीक्षा झाली, याचीच चौकशी अधिक होऊ लागते. परीक्षेने कला वाढते की खुंटते, हा प्रश्न मग पडल्यावाचून राहत नाही. या दृष्टीने पाश्चात्त्य बॅले नृत्याची शतकभर चालत आलेली परीक्षापद्धती पाहणे उद्बोधक ठरेल.

१९२० साली लंडन येथे नृत्यशिक्षणाचा दर्जा सुधारण्याच्या हेतूने एक संस्था स्थापन झाली. डेन्मार्कच्या ॲडलीन जेने, रशियाच्या तमारा कार्साविना अशा नामवंत नर्तकी तिच्या संस्थापकांत होत्या. आज ती 'रॉयल अकॅडमी ऑफ डान्स' या नावाने ओळखली जाते व अनेक देशांत परीक्षा घेते. प्रायमरीनंतर पहिली ते आठवी अशा तिच्या ग्रेड आहेत. परीक्षेच्या दालनात एका वेळी फार तर चार उमेदवार असतात. शिक्षिका बाहेर थांबते. परीक्षक बाहेरून आलेला असतो. आरंभी कठड्याचा आधार घेऊन करावयाचे व्यायाम, मग आधाराविना तोल, उड्या आणि शेवटी नृत्य, असा सर्वसाधारण क्रम असतो. शंभरांपैकी ४० गुणांना उत्तीर्ण, ५५ गुणांना मेरिट व ७५ गुणांना डिस्टिंक्शन मिळते. केवळ तंत्राचे नव्हे, तर संगीताची जाण व सादरीकरण यांचेही मोल त्यात होते.

परंतु या पद्धतीचे खरे शहाणपण आम्हांस दिसते ते तिने आखलेल्या दोन निरनिराळ्या वाटांत. ग्रेडची वाट सर्वांसाठी खुली. ज्यांस नृत्य हाच व्यवसाय करण्याची आकांक्षा आहे त्यांच्यासाठी इंटरमीजिएट फाउंडेशनपासून ॲडव्हान्स्ड टूपर्यंतची वाट वेगळी. या दुसऱ्या वाटेच्या पहिल्या परीक्षेस किमान ११ व शेवटचीस किमान १५ वर्षे वय लागते. पायांच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याची मुलींची कसोटी याच वाटेवर सुरू होते. कारण कोवळ्या हाडांवर हा भार अकाली पडला तर पाऊल जन्माचे अधू होण्याचे भय असते. पालकांची घाई तेथे वयाच्या अटीपुढे चालत नाही. उलट, ग्रेडच्या वाटेवर प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असाही आग्रह नाही. ज्या मुलास परीक्षेचे दडपण सोसवत नाही, त्यास शिक्षिकेच्या उपस्थितीत वर्गातले शिक्षण दाखवून प्रशस्तिपत्र मिळविण्याची सोयही आहे.

आपल्याकडील परीक्षांचे ऋण लहान नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ साली अखिल भारतीय मंडळ उभे राहिले. घरंदाज मुलींनी गाणे-नाचणे निषिद्ध मानले जाण्याच्या काळात रीतसर शिक्षणाने व परीक्षेने या कलांना प्रतिष्ठेचे दार उघडून दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र प्रमाणपत्राला आता बाजारभाव येऊ लागला आहे. शेजारच्या महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण देण्याची योजना आहे. उत्तेजन देण्याचा तिचा हेतू स्तुत्यच. पण गुणांसाठी शिकलेले नृत्य गुणपत्रिका हाती पडताच सुटण्याचा धोका तिच्यात आहे. नेमक्या चार रचना घोटून घेतल्या म्हणजे परीक्षा साधते. अंगात लय भिनत नाही.

म्हणून आमचे पालकांस व नृत्यगुरूंस एवढेच सांगणे आहे की, मुलांस परीक्षेला बसविण्यापूर्वी दोन प्रश्न मनाशी विचारावेत. त्यांचे शरीर त्या श्रमास सिद्ध झाले आहे काय? आणि ही परीक्षा नसती, तरी ती या वर्गास आनंदाने आली असती काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर परीक्षा अवश्य द्यावी. तसे नसेल, तर एखादे वर्ष थांबल्याने कलेचे काही बिघडत नाही.