राख थंड झाल्यावर

मंडळी, वणव्याची बातमी आली की आपले फोन सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ब्लँकेटं, दुसऱ्या आठवड्यात चेक, आणि महिन्याभरात ती बातमी टीव्हीवरून जाते. खरं लांबलचक काम त्यानंतर असतं, आणि अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणात चर्चसंस्था करतात. मंडळाच्या मदतनिधीतला एक भाग अशा कामासाठी राखून ठेवावा अशी सूचना आली आहे. देणगीदारांनी होय-नाही म्हणण्याआधी हे काम कसं चालतं ते सांगावं, म्हणून हा लेख.

उदाहरण पॅरडाइजचं घेऊ. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत ‘कॅम्प फायर’ भडकली आणि काही तासांत हे गाव जवळजवळ सगळं जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. २०१० च्या जनगणनेत २६ हजारांवर वस्ती असलेल्या गावात २०२० साली ४,७६४ माणसं मोजली गेली.

पूर आणि आग यांत एक मोठा फरक आहे. पुरानंतर घर बहुधा उभं असतं. चिखल उपसा, भिजलेल्या भिंती तोडा, काम लगेच सुरू होतं. आगीनंतर उरतात धुराडी आणि राख. त्या राखेत ॲसबेस्टॉस, शिसं, नाना रसायनं. त्यामुळे ती उचलायचं काम सरकारी ठेकेदारांकडे जातं. पॅरडाइजमध्ये त्याला सुमारे वर्ष लागलं. शिवाय नळाच्या पाण्यात बेंझीन सापडलं. म्हणजे हातोडा घेऊन आलेल्या स्वयंसेवकाला पहिलं वर्षभर खिळा ठोकायला भिंतच नाही! या काळात चर्चचे गट पांढरे सूट आणि मास्क घालून, घरमालकाच्या सांगण्यावरून राख चाळतात. एखादी अंगठी, एखादी कपबशी मिळते, कधी काहीच मिळत नाही. पण आपलं घर होतं त्या जागी चार माणसं गुडघ्यावर बसून आपल्यासाठी शोधताहेत, हे बघून कित्येकांना तिथून पाय काढता येतो.

मग पैशांचं बघा. आधी विमा, मग ‘फेमा’, मग सरकारी कर्ज, असा क्रम असतो. विमा नसलेल्यांना फेमाकडून त्या वर्षी घरासाठी जास्तीत जास्त ३४,९०० डॉलर मिळू शकत होते. कॅलिफोर्नियात एवढ्यात घर उभं राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको. कित्येकांचा विमा जुन्या किमतीचा होता. भाडेकरूंना आणि मोबाइल होम पार्कातल्या वृद्धांना तर ‘पुन्हा बांधा’ म्हणायचीही सोय नाही. आग वीज कंपनीच्या तारेमुळे लागली म्हणून भरपाईचा ट्रस्ट झाला, पण ते पैसे वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने आले. या सगळ्या चाळण्यांतून जी कुटुंबं खाली पडतात, ती चर्चसंस्थांच्या टेबलाशी येतात.

टेबल हा शब्द खराच आहे. गावात ‘लाँग टर्म रिकव्हरी ग्रुप’ नावाची समिती स्थापन होते. तिचे केस मॅनेजर एकेका कुटुंबाचे कागद जमवतात: विम्याचं पत्र, फेमाचा नकार, जमिनीचा उतारा. मग ‘अनमेट नीड्स’च्या बैठकीत ते प्रकरण मांडायचं. कुटुंबाचं नाव सांगत नाहीत, नुसता नंबर. समोर मदत देऊ शकणारे बसलेले असतात. समजा, सत्तरीच्या एका बाईंना ४० हजार कमी पडताहेत. एक जण सेप्टिक टँकचे पैसे देतो (पॅरडाइजला गटार योजना नव्हती), दुसरा छप्पर घेतो, तिसरा मजूर देतो. अशीच प्रकरणं एकामागून एक. फोटो काढण्यासारखं यात काही नाही, आणि म्हणूनच या कामाला देणगी मिळणं कठीण जातं.

या संस्थांनी कामंही वाटून घेतलेली आहेत. मेथडिस्टांची ‘अमकोर’ केस मॅनेजरांना शिकवते, ॲडव्हेंटिस्ट लोक आलेल्या सामानाचं गोदाम सांभाळतात, आणि मेनोनाइट घरं बांधतात. १९५० साली सुरू झालेल्या ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’चे स्वयंसेवक पॅरडाइजमध्येही घरं बांधायला आले होते. बहुतेक जण एकेक आठवडा येतात, प्रवासखर्च स्वतःचा. मजुरी फुकट, लाकूड, सिमेंट, परवान्यांचा खर्च मात्र कुणीतरी द्यावा लागतो. सत्तरच्या दशकापासून या सर्वांचा समन्वय ‘नॅशनल व्होआड’ करते.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न: यात धर्मप्रचार किती? व्होआडच्या सदस्य संस्थांनी मिळून मान्य केलेली तत्त्वं स्पष्ट आहेत. संकटातल्या माणसावर श्रद्धेची सक्ती नाही, त्याच्या असहायतेचा फायदा घ्यायचा नाही. व्यवहारात सगळे सारखे काटेकोर नसतील, हे मान्य. पण पॅरडाइजच्या वेळी बौद्धांच्या ‘त्झू ची’नेही वणवाग्रस्तांना रोख मदतीची कार्डं वाटली होती. टेबलाशी बसायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या ईटन आणि पॅलिसेड्स या आगींत १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या. अल्टाडेनात तर लोकांना आधार देणारी काही चर्चच जळाली. तिथली आपली बरीचशी मदत त्या पहिल्या काही आठवड्यांतच देऊन झाली. म्हणून सूचना अशी, की यापुढे अशा प्रत्येक निधीतला एक तृतीयांश दोन वर्षं बँकेत ठेवावा आणि मग स्थानिक समितीच्या टेबलावर, नंबर बघून, द्यावा. जुने कपडे मात्र कृपया पाठवू नयेत. ते निवडायलाच माणसं लागतात.

पैशांऐवजी वेळ द्यायचा असेल तर तास लिहून ठेवणारी वही तिथे असतेच, तिच्यात सही जरूर करा. काही कामांचे असे तास सरकारी मदतीत गावाला भरायच्या वाट्यात धरता येतात. आणि सुतारकाम येत नसलं तरी अडत नाही. वीस भुकेल्या स्वयंसेवकांचा स्वयंपाक करणारं माणूस त्यांना नेहमीच हवं असतं.