बंद कारखान्याची जागा घेताय? आधी मातीला विचारा

तालुक्याच्या गावाला लागून एखादा रंगाचा, चामड्याचा किंवा रसायनाचा कारखाना बंद पडतो. दहा-पंधरा वर्षे जागेवर बाभळी माजतात. मग कुणीतरी म्हणतं, "जागा स्वस्तात सुटतेय, घेऊन टाका." ग्रामपंचायतीलाही बाजारओट्याला, अंगणवाडीला जागा हवीच असते. खरेदीआधी आपण सातबारा काढतो, बँकेचा बोजा पाहतो. पण मातीत मुरलेल्या विषाचा बोजा सातबाऱ्यावर चढत नाही. तो आपणच शोधायचा असतो.

तामिळनाडूतल्या कोडाईकनालचं उदाहरण घ्या. थंड हवेचं लहानसं गाव. तिथं १९८० च्या दशकात अमेरिकेतून पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना आणला गेला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. २००१ साली गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला. लोक उठले आणि कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. माती मात्र जागेवरच राहिली. ती धुऊन, तापवून पारा काढण्याची चाचणी व्हायला २०१७ साल उजाडलं.

एवढा वेळ का लागला? वादाचा एक मोठा मुद्दा होता, माती किती स्वच्छ करायची. प्रदूषण मंडळाने किलोमागे २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा धरली. स्थानिक लोक आणि पर्यावरण कार्यकर्ते म्हणाले, ही फार सैल आहे. कॅनडाच्या निकषांत शेती आणि वस्तीच्या जमिनीला ६.६ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, कारखान्याच्या जमिनीला ५० ची. म्हणजे गोदामाला चालणारी माती मेथीच्या वाफ्याला किंवा पोरांच्या खेळायच्या मैदानाला चालेलच असं नाही. तेव्हा जागेवर पुढे काय करायचं, ते आधी ठरवा. साफसफाईची पातळी त्यावरून ठरते.

आता तपासणीचं. "माती परीक्षण केलंय की!" असं म्हणून मोकळे होऊ नका. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू वगैरे. त्यात पारा, शिसं, क्रोमियम येत नाही. खतासाठी आपण शेतभर फिरून माती गोळा करतो आणि एकत्र मिसळून एकच नमुना देतो. इथं तसं केलं तर एका कोपऱ्यातलं विष चांगल्या मातीत झाकलं जातं. सांडपाण्याचा खड्डा, टाक्यांची जागा, भंगाराचा कोपरा, नाल्याचं तोंड, असे नमुने वेगवेगळे घ्यावे लागतात. वरच्या थराचा वेगळा, खालचा वेगळा. उताराकडच्या विहिरींचं पाणीही तपासायचं. हे काम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचंच. कोणती रसायनं शोधायची, हे ठरवायला मात्र तिथं राबलेल्या जुन्या कामगारांची माहिती उपयोगी पडते. त्यांच्याशी आधी बोला.

आणि एक ध्यानात ठेवा. गवत हिरवंगार आहे म्हणून माती शुद्ध आहे, असं होत नाही. वरून चार ट्रॉल्या मुरूम टाकला म्हणजे जागा साफ झाली, असंही नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी मंडळींसाठी महत्त्वाचं. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवण्याचं काम स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाचं आहे. यादी मिळाल्यापासून ९० दिवसांत मंडळाने प्राथमिक तपासणी करायची. दोष दिसला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. जागा खरोखर दूषित निघाली तर तसं जाहीर करून तिथला वावर रोखायचा. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली, तर केंद्र आणि राज्य शासन व्यवस्था करतील. खाणी आणि साधे कचरा डेपो यांना सहसा वेगळे कायदे लागू होतात.

म्हणजे गावाने कळवलं तरच हे चाक फिरणार. ग्रामसभेत ठराव घ्या. गट नंबर, कारखान्यात काय बनत होतं, कधी बंद पडला, कोणत्या विहिरींची तक्रार आहे, हे सगळं लिहा. अर्ज मंडळाच्या कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या.

अहवाल हाती येईपर्यंत त्या जागेवर भाजी लावू नका, जनावरं सोडू नका, बोअर घेऊ नका, इसारही देऊ नका. जागा कुठं पळून जात नाही. सहा महिने थांबणं परवडतं, पण विषारी जमीन गळ्यात पडली तर ती पुढच्या पिढीलाही निस्तरत बसावं लागेल.